आधी दप्तर वाचा, मग स्कॅनर आणा: गावच्या जुन्या दवाखान्याच्या नोंदींचा डिजिटल संग्रह

दवाखान्याच्या मागच्या खोलीत साठ-सत्तर वर्षांची भरती रजिस्टरं धूळ खात पडलेली असतात. कुणीतरी कळकळीने म्हणतं, हे जपलं पाहिजे. देणगी जमते, स्कॅनर येतो, दोन पोरं कामाला लागतात. चार महिन्यांनी एका हार्ड डिस्कवर अठरा हजार फोटो असतात आणि हवं ते पान त्यात सापडत नाही. वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर या पट्ट्यात मी हे तीन ठिकाणी पाहिलं. पहिल्या ठिकाणी मी स्वतः कामात होतो. कॅमेऱ्याने दिलेले नंबर फाइलींना तसेच राहिले होते. मधल्या काळात कुणीतरी रजिस्टरं पुसून, लहान-मोठ्या आकाराप्रमाणे छान रचून ठेवली होती. कोणतं पान कोणत्या वहीचं, हे जुळवायला फोटो काढण्यापेक्षा जास्त दिवस गेले.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. दहा ते तीस हजार पानांचं दप्तर असलेला छोटा ट्रस्ट, मिशनचा दवाखाना, कुष्ठधाम किंवा ग्रामीण रुग्णालय डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. स्कॅनिंग इथे सहाव्या टप्प्यावर येतं. त्याआधीचे पाच टप्पे वगळले तर पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं.

टप्पा १: कागद कुणाचे, हे लेखी घ्या

ट्रस्टचा दवाखाना असेल तर विश्वस्त मंडळाचा ठराव हवा. कोणतं दप्तर, कोणत्या सालापर्यंतचं, काम कोण करणार आणि प्रती कुणाच्या ताब्यात राहणार, एवढं ठरावात स्पष्ट असावं. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं असतं, त्यामुळे अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जावं लागतं. साहेबांनी तोंडी 'करा' म्हटलं म्हणून सुरुवात करू नका. त्यांची बदली झाली की नवे साहेब पहिल्याच दिवशी खोलीला कुलूप लावतात, आणि त्यांचंही चुकत नसतं.

सरकारी दप्तराला महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू होतो. ते मनाने रद्दीत घालता येत नाही किंवा कुणाला देऊनही टाकता येत नाही. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं नागपूरला कार्यालय आहे. काम सुरू करण्याआधी त्यांना पत्र लिहून मार्गदर्शन मागा.

*सावधान:* 'पेशंटचे कागद तीन वर्षंच ठेवायचे असतात' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतली तीन वर्षं ही आंतररुग्णांच्या नोंदी किमान किती काळ ठेवायच्या त्याची मुदत आहे. त्यानंतर जाळून टाका, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. खोली रिकामी करून हवी असलेला माणूस या वाक्याचा आधार घेतो, म्हणून ठरावातच 'काम संपेपर्यंत कोणताही कागद नष्ट करू नये' असं लिहून घ्या.

टप्पा २: काहीही न हलवता मोजणी

खोलीत पहिल्या दिवशी फक्त मोबाइल, टॉर्च, वही आणि पेन्सिल घेऊन जा. प्रत्येक रॅकचा समोरून फोटो घ्या, मग प्रत्येक खणाचा. रॅकला अ, ब, क अशी अक्षरं द्या आणि खणांना वरून खाली आकडे. आता खणात डावीकडून उजवीकडे काय आहे ते लिहा: भरती रजिस्टर, प्रसूती रजिस्टर, ऑपरेशन थिएटरची वही, बाह्यरुग्णांची वही, औषधांचा साठा, आवक-जावक, पगारपत्रक, केसपेपरांचे गठ्ठे. साल पुठ्ठ्यावरून घेऊ नका. आतलं पहिलं आणि शेवटचं पान उघडून तारीख बघा. जुन्या रजिस्टरावर नवा पुठ्ठा चढवलेला असतो आणि त्यावर बांधणीचं साल असतं.

गठ्ठा विस्कटलेला दिसला तरी लावायला घेऊ नका. 'हे इथे कसं आलं' यालाही अर्थ असतो. एका ठिकाणी प्रसूतीच्या वहीत मधेच घडी घालून ठेवलेल्या चिठ्ठ्या निघाल्या. त्या कचरा समजून वेगळ्या काढल्या गेल्या. नंतर लक्षात आलं की ज्या पानात चिठ्ठी होती त्याच पानावरच्या बाळंतिणीसाठी तालुक्याहून बोलावलेल्या डॉक्टरचा तो निरोप होता. चिठ्ठी पानापासून सुटली आणि नुसता कागद उरला.

मोजणीत प्रत्येक वहीची प्रकृतीही लिहा. तीन शेरे पुरतात: ठीक, नाजूक, हात लावू नये. पानं एकमेकांना चिकटली आहेत, शाईने कागद खाऊन अक्षरांच्या जागी भोकं पडली आहेत, उधळीने कड पोखरली आहे, बुरशी आहे, असं दिसलं तर तिसरा शेरा. एक्स-रे फिल्मचा गठ्ठा उघडताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागली आहे. ती लगेच वेगळ्या, हवेशीर जागी ठेवा, कारण ही सड शेजारच्या फिल्मलाही लागते.

*तपासा:* मोजणीची यादी तयार झाल्यावर बाहेरच्या माणसाला ती देऊन म्हणा, 'ब रॅक, तिसरा खण, डावीकडून पाचवी वही आणा.' यादीत लिहिलेलीच वही त्याच्या हातात आली तर पुढे चला.

टप्पा ३: हंगाम, खोली आणि हात

आपल्याकडे या कामाचा हंगाम दिवाळीनंतर होळीपर्यंत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठक्क होते आणि जुना कागद पापडासारखा मोडतो. पावसाळ्यात तोच कागद दमट होऊन चिकटतो. परवानग्या आणि मोजणी पावसाळ्यात उरका. मात्र माणसं ठरवताना शेतीचं वेळापत्रक बघा. कापसाची वेचणी, पूर्वेकडे धानाची कापणी आणि तुरीचा हंगाम याच महिन्यांत येतात. 'गावातली पोरं येतील' या भरवशावर राहिलं तर डिसेंबरात खोलीत तुम्ही एकटेच उरता. दोन माणसं पगारी ठेवा आणि बाकीची मदत वरची समजा.

दप्तराच्या खोलीत पाण्याचा कूलर लावू नका. आपल्या उन्हाळ्यात ही चूक इतकी सहज होते की तिच्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. कूलर तासाभरात खोलीचा ओलावा वाढवतो, आणि बुरशीला तेवढं पुरतं. हवेतला ओलावा दाखवणारं छोटं यंत्र फार महाग नसतं. ते भिंतीला लावा आणि रोज सकाळी आकडा लिहा.

साफसफाई मऊ, रुंद ब्रशने, पाठीच्या शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे. ओला फडका, फिनाईल, डेटॉल, रॉकेल यांपैकी काहीही नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप नाही. ती पाच-दहा वर्षांत पिवळी पडते आणि काढताना अक्षरं सोबत नेते. फाटलेलं पान तसंच पातळ कागदाच्या घडीत ठेवा, जोडायचं काम जाणकारांवर सोडा. गंजलेली टाचणी ओढू नका. तिच्याखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, टोकं सरळ करा, मग काढा, आणि ते कागद त्याच क्रमाने सुती दोऱ्याने बांधा. बुरशी लागलेल्या वहीला हात लावताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. ती वही बाकीच्यांपासून दूर, वेगळ्या टेबलावर. उन्हात वाळवायला कधीही टाकू नका.

टप्पा ४: कुणाला काय दिसेल, हे स्कॅनिंगच्या आधी ठरवा

लोक नेमका हाच टप्पा शेवटी ठेवतात, आणि याच ठिकाणी माणसांचं नुकसान होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाही लागू होतो, म्हणजे पान स्कॅन झालं की ते त्याच्या कक्षेत येतं. संशोधन आणि अभिलेख जपण्यासाठी त्यात सवलत आहे. पण त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे, या अटी आहेत. एचआयव्हीच्या नोंदींना २०१७ चा वेगळा कायदा आहे, मानसिक आरोग्याच्या नोंदींना त्याच वर्षीचा दुसरा. गर्भपाताचं प्रवेश रजिस्टर कायद्यानेच गोपनीय आहे.

सगळं दप्तर तीन दर्जांत वाटा:

खुलं: वार्षिक अहवाल, इमारतीची कागदपत्रं, औषधसाठा, खरेदी, रोगनिहाय एकूण आकडे.

मर्यादित: भरती, बाह्यरुग्ण आणि प्रसूती रजिस्टरं. संशोधकाने लेखी अर्ज करून, संग्रहाच्या खोलीत बसून पाहायची.

बंद: कुष्ठरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात, पोलीस केसचे कागद, टाकून दिलेल्या किंवा दत्तक गेलेल्या बाळांच्या नोंदी.

मर्यादित आणि बंद नोंदी किती वर्षांनी खुल्या करायच्या ते संग्रहाच्या समितीने लिहून ठेवावं. इंग्लंडमधल्या अभिलेखागारांत रुग्णांच्या नोंदी साधारण शंभर वर्षं बंद ठेवण्याचा प्रघात आहे. माझं मत विचाराल तर आपल्या भागात कुष्ठरोगाच्या नोंदींना शंभरही कमी आहेत. पणजोबा कुष्ठधामात होते हे कळल्यावर आजही पणतीची सोयरीक मोडू शकते. ज्यांनी त्या काळी नाव-गाव सोडून तिथे दिवस काढले त्यांच्या घरच्यांना आपल्या उत्साहाची किंमत मोजायला लावण्याचा आपल्याला अधिकार नाही.

नाव झाकलं की काम झालं, असं समजू नका. 'स्त्री, वय २६, अमुक जमात, चाळीस घरांचं गाव, १९६४' एवढं वाचलं की त्या गावातला म्हातारा माणूस नाव सांगतो. बाहेर दाखवायच्या प्रतीत गावाऐवजी तालुका लिहा, वयाऐवजी वयोगट, आणि जातीचा रकाना पूर्ण झाका. मूळ फोटो मात्र जसाच्या तसा ठेवा. झाकायचं काम नेहमी नकलेवर करायचं.

*सावधान:* कामाच्या काळात रजिस्टराच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून 'हे अक्षर लागतंय का?' असं विचारण्याची सवय सगळ्यांना असते. पहिल्याच दिवशी बंदी घाला. खोलीच्या दारात एक पेटी ठेवा, मोबाइल त्यात. अडलेल्या अक्षराची फक्त तेवढीच चौकट कापून, कामाच्याच संगणकावर दाखवायची.

टप्पा ५: क्रमांक आणि नोंदपत्रक

फाइलच्या नावात अर्थ कोंबू नका. 'प्रसूती रजिस्टर जुने नवीन फायनल' या नावाची फाइल दोन वर्षांनी कुणालाच काही सांगत नाही. नुसते आकडे पुरतात, तीन भागांत: मालिका, वही, पान. उदाहरणार्थ ०२-०४७-०१३१ म्हणजे दुसरी मालिका (प्रसूती), सत्तेचाळिसावी वही, एकशे एकतिसावा फोटो. पुढची शून्यं भरायलाच हवीत, नाहीतर संगणक १० ला २ च्या आधी आणून बसवतो. फाइलच्या नावात हे आकडे इंग्रजी कळफलकाचे टाइप करा. देवनागरी आकडे काही जुन्या प्रोग्रामना पचत नाहीत.

लक्षात ठेवा, शेवटचा आकडा फोटोचा आहे, रजिस्टरावर छापलेल्या पानाचा नाही. छापील आकडे गळतात, दोनदा येतात, मधेच एकपासून पुन्हा सुरू होतात. छापील पान वेगळ्या रकान्यात लिहा.

वहीवर क्रमांक थेट लिहायचा नाही. आम्लरहित कागदाची पट्टी कापून, तिच्यावर मऊ पेन्सिलीने क्रमांक लिहून ती पहिल्या पानात ठेवा.

आता नोंदपत्रक. प्रत्येक वहीसाठी एक ओळ: क्रमांक, रॅकवरची जागा, प्रकार, पहिली आणि शेवटची तारीख, पानं, भाषा आणि लिपी, प्रकृती, पाहण्याचा दर्जा, शेरा. जगभरात यासाठी डब्लिन कोअर नावाची पंधरा रकान्यांची पद्धत वापरतात. आपले रकाने तिच्याशी जुळतील असे ठेवले की पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये माहिती चढवता येते. भाषेचा रकाना रिकामा सोडू नका. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडात. त्यामुळे एकाच वहीत मथळे इंग्रजी, नोंदी मराठी, शेरा हिंदीत आणि सही मोडीत, असं सर्रास सापडतं. मोडी वाचणारा माणूस किती पानांसाठी लागेल, हे या रकान्यावरूनच कळेल.

गावाच्या नावासाठी दोन रकाने करा: 'रजिस्टरात जसं' आणि 'आजचं'. सिरोंच्याचा पेशंट १९५० च्या वहीत 'जि. चांदा' असा असेल, १९७० मध्ये 'जि. चंद्रपूर' आणि १९९० मध्ये 'जि. गडचिरोली'. चांद्याचं चंद्रपूर १९६४ मध्ये झालं, गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून निघाला, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. पिंपळगाव, वडगाव, सावंगी ही नावं तर तालुक्यागणिक आहेत. म्हणून आजच्या नावापुढे २०११ च्या जनगणनेतला गावाचा क्रमांक लिहा. बुद्रुक-खुर्द कळत नसेल तर अंदाज करू नका, रकाना रिकामा ठेवून शेऱ्यात लिहा. जुनं गाव रिठी, म्हणजे ओस, झालं असेल तर तेही शेऱ्यात.

टप्पा ६: फोटो काढणं

बांधीव रजिस्टरासाठी सपाट स्कॅनर नको. झाकण दाबलं की पाठ मोडते. सुट्या कागदांना चालतो, पण कागद आपोआप ओढून घेणारा स्कॅनर कशालाच नको. रजिस्टरासाठी वरून खाली बघणारा कॅमेरा, मजबूत स्टँड आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एलईडी दिवे. वही पूर्ण उघडत नसेल तर दोन्ही बाजूंना फोमचे उतरते तुकडे ठेवून तिला इंग्रजी 'व्ही'सारखं टेकवा, आणि आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी घ्या.

किती बारकावा हवा, याचा हिशोब स्वतः करा. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० ठिपके देतो. साडेआठ बाय तेरा इंचांचं एक पान घेतलं तर कडेला थोडी जागा सोडूनही इंचाला ४०० च्या आसपास ठिपके मिळतात. तीच वही उघडून दोन्ही पानं एकदम घेतली तर १७ इंचांत ६००० ठिपके वाटले जातात आणि कडा सोडल्यावर ३०० च्याही खाली यायला लागतं. बारीक पेन्सिलीच्या नोंदी तिथेच हरवतात. इंचाला ३०० ठिपके ही खालची मर्यादा समजा, आणि पानं एकेक घ्या.

मूळ प्रत रंगीत, टिफ प्रकारात, म्हणजे बारकावे न गमावणाऱ्या फाइलीत. काळी-पांढरी करून जागा वाचवू नका. लाल शाईने केलेली दुरुस्ती आणि निळ्या शाईची मूळ नोंद त्यात एक होऊन जातात. दवाखान्यात लाल शाई बहुतेक वेळा मृत्यूसाठी वापरलेली असते. इंचाला ३०० ठिपक्यांनी असं एक पान न दाबता, म्हणजे फाइल लहान न करता, साधारण ३० एमबी होतं. वीस हजार पानं म्हणजे ६०० जीबी, आणि तीन प्रती म्हणजे पावणेदोन-दोन टीबी. डिस्क विकत घेण्याआधी तुमच्या पानांचा असा गुणाकार करा.

प्रत्येक वहीचा क्रम ठरलेला: आधी क्रमांकाची पट्टी, रंगपट्टी आणि मोजपट्टी एकत्र, मग पुढचा पुठ्ठा, कोरी पानं धरून सगळी पानं आणि शेवटी मागचा पुठ्ठा. कोरं पान गाळलं की नंतर 'पान हरवलं की नव्हतंच' याचं उत्तर मिळत नाही. पानात चिठ्ठी असेल तर तीन फोटो: चिठ्ठी जागेवर असताना, चिठ्ठी एकटी आणि चिठ्ठीखालचं पान.

दोन माणसं, एक पान उलटणारा आणि एक बटण दाबणारा, नाजूक रजिस्टरांची दिवसाला चारशे-पाचशे पानं नीट काढतात. कुणी हजाराचं वचन दिलं तर त्याच्या फोटोंत बोटं आणि धूसर अक्षरं शोधा, सापडतील. लाईन जाणारच, म्हणून संगणकाला यूपीएस लावा. डिस्कवर उतरवणं सुरू असताना वीज गेली तर त्या दिवसाच्या सगळ्या फाइली पुन्हा पडताळा.

*तपासा:* रोज संध्याकाळी, वही रॅकवर परत ठेवण्याआधी, वहीतली पानं आणि फाइलींची संख्या जुळवा. दर विसावा फोटो पूर्ण मोठा करून वाचा. वही परत गेल्यावर सापडलेली चूक दहापट महाग पडते.

टप्पा ७: नोंदी उतरवणं

वीस हजार पानं, प्रत्येकी पंचवीस ओळी, म्हणजे पाच लाख नोंदी. सरावलेला माणूस दिवसाला दीडशे ओळी काळजीने टाइप करतो. भागाकार केला तर ३,३०० हून जास्त दिवस येतात. सगळं उतरवू म्हणणारे प्रकल्प इथेच बसतात. म्हणून आधी पान-सूची करा: प्रत्येक फोटोसाठी पहिली तारीख, शेवटची तारीख, पहिला आणि शेवटचा अनुक्रमांक. एवढं केलं तरी 'मार्च १९५८ ची भरती' दोन मिनिटांत सापडते. ओळ न् ओळ उतरवायची ती निवडक वह्यांची. हस्ताक्षर आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रामवर विसंबू नका. टेसरॅक्टसारखी साधनं छापील मराठी बऱ्यापैकी वाचतात, कंपाउंडरचं घाईतलं अक्षर नाही.

उतरवताना पहिला नियम, जसं आहे तसं लिहा. 'महारोग' असेल तर महारोग, 'पटकी' (कॉलरा) असेल तर पटकी. आजचं नाव शेजारच्या रकान्यात. 'वल्द' (अमक्याचा मुलगा) आणि 'जौजे' (अमक्याची बायको) काढून टाकू नका. 'सखू जौजे महादू' मधून 'सखू महादू' केलंत तर नवरा बाप होऊन बसतो. रुपये-आणे-पै तसेच ठेवा. १ एप्रिल १९५७ नंतर दशमान नाणी आली तरी वह्यांमध्ये आणे पुढेही रेंगाळतात. वाचता न आलेलं अक्षर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह. अंदाजाने भरलेलं नाव चुकीचं आहे हे पुढे कुणालाच कळत नाही.

दुसरा नियम 'वरीलप्रमाणे'च्या खुणांचा. गाव आणि तारखेच्या रकान्यात खाली खाली दोन टिंबं किंवा दोन रेघा ओढलेल्या असतात. टाइप करणारा तशीच खूण टाइप करतो. मग कुणीतरी तक्ता नावाप्रमाणे लावतो, ओळी जागा बदलतात आणि खूण भलत्याच गावाकडे बोट दाखवते. अशा दोन हजार ओळी मी हाताने परत फोटोंशी ताडल्या आहेत. खुणेच्या जागी पूर्ण शब्द लिहा, आणि शेजारी 'खुणेवरून' असा रकाना करून तिथे 'हो' लिहा.

तिसरा नियम संक्षेपांचा. भरती रजिस्टराचा शेवटचा रकाना म्हणजे निकाल. इंग्रजांच्या काळच्या वह्यांत चार प्रकार असत: बरा झाला, आराम पडला, अन्य कारणाने गेला, मयत. एका वहीत या रकान्यात नुसतं इंग्रजी 'डी' होतं. आम्ही ते 'डिस्चार्ज' म्हणून घेतलं, कारण बहुतेक पेशंट सुट्टी होऊन घरी जातात. चाळीस पानांनंतर अक्षर बदललं, शाई बदलली, नवा कारकून आला होता. त्याच्या 'डी'पुढे मुक्कामाचे दिवस एक, दोन, शून्य असे होते, आणि अधूनमधून बारीक अक्षरात 'नातेवाईक प्रेत घेऊन गेले'. तो 'डी' मृत्यूचा होता. पटकीच्या साथीतले सगळे मृत्यू आम्ही बरे होऊन घरी पाठवले होते. तेव्हापासून माझा शिरस्ता असा की प्रत्येक हस्ताक्षरासाठी वेगळी संक्षेपसूची करायची, आणि प्रत्येक संक्षेपाचा अर्थ त्याच वहीतल्या निदान तीन स्पष्ट नोंदींवरून ठरवायचा. तीन नोंदी मिळाल्या नाहीत तर अर्थ 'अनिश्चित'.

*तपासा:* प्रत्येक वहीतली दर शंभरातली पाच पानं दुसऱ्या माणसाने पहिल्याचं न पाहता पुन्हा उतरवावीत. दोन्हींत फरक निघतील त्या रकान्यांचे नियम अपुरे आहेत. माणसाला बोल लावण्याआधी नियम दुरुस्त करा.

टप्पा ८: साठवण

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या गावी. दुसरं गाव खरंच दुसरं हवं. दवाखाना आणि ट्रस्टचं कार्यालय एकाच नाल्याच्या काठावर असेल तर दोन्ही प्रती एकाच पुरात जातील. भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो, तिथली प्रत जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपूरला ठेवा. बंद दर्जाच्या नोंदी कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर. तिचा पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींकडे, बंद पाकिटात, वेगवेगळ्या तिजोऱ्यांत. पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात असेल तर तो माणूस गेला की संग्रहही गेला.

प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम काढून यादीत ठेवा. तो फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो. फाइलीत एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. वर्षातून एकदा सगळे ठसे पुन्हा काढून जुळवा. न जुळलेली फाइल चांगल्या प्रतीवरून बदला. हार्ड डिस्क चालते आहे म्हणून ठेवून देऊ नका, साधारण पाच वर्षांनी नव्या डिस्कवर सगळं उतरवा.

टप्पा ९: सॉफ्टवेअर

हा टप्पा वाटतो तितका मोठा नाही. पाचव्या टप्प्यातलं नोंदपत्रक साध्या सीएसव्ही तक्त्यात (कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडणाऱ्या मजकूर-फाइलीत) व्यवस्थित असेल तर पहिलं वर्ष त्यावरच काढा. पुढे एटॉम किंवा डीस्पेस या संग्रह सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी एक घ्या. दोन्ही मोफत आहेत, पण चालवायला कायमचा माणूस लागतो. तो नसेल तर घेऊ नका. कुणाच्या खासगी सॉफ्टवेअरवर जायचं असेल तर एकच अट लेखी घ्या: आमची सगळी माहिती आणि फोटो आम्हाला कधीही, मोफत, साध्या स्वरूपात परत मिळतील. इंटरनेटवर फक्त खुला दर्जा आणि वह्यांची यादी. पेशंटची नावं शोधता येतील असं पान बनवू नका.

टप्पा १०: लोक दारात येतील तेव्हा

संग्रहाची बातमी गावात पसरली की पहिला माणूस येतो तो जातपडताळणीसाठी. जुन्या रजिस्टरांत जातीचा रकाना असतो, आणि पुरावा लागतो तो जुना: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, नाव मिळालं नाही की माणूस दवाखान्याकडे वळतो. त्याची गरज खरी असते, पोराची अॅडमिशन अडलेली असते. त्याला हाकलू नका, पण वही एकट्याच्या हातात देऊ नका. या एका रकान्यासाठी खाडाखोड आणि पान फाडण्याचे प्रकार होतात, आणि एक खाडाखोड सापडली की त्या वहीतली प्रत्येक खरी नोंदही संशयात येते.

पद्धत अशी ठेवा. लेखी अर्ज, नातं दाखवणारा कागद आणि कोणत्या वर्षांची नोंद हवी ते. शोध संग्रहाच्या माणसाने घ्यायचा. नोंद मिळाली तर त्या एका ओळीचा उतारा, वर-खाली बाकीच्यांची नावं झाकून. साक्षांकित नक्कल द्यायचा अधिकार दवाखान्याचा किंवा त्या कार्यालयाचा, संग्रहाचा नाही. तसं पत्र देऊन तिकडे पाठवा. मूळ वही मागितली गेली तर ती फक्त अधिकृत पत्रावर, पोच घेऊन द्यायची, आणि जाण्याआधी व परत आल्यावर त्या पानाचा नवा फोटो काढून जुन्याशी ताडायचा.

कधी एखादी म्हातारी बाई येते, लहानपणी गेलेल्या भावाची नोंद बघायला. तिच्याकडे नातं दाखवणारा कागद नसतो. अशा अर्जांसाठी समितीतल्या दोघांना अधिकार देऊन ठेवा, म्हणजे तिला पुढच्या महिन्याच्या बैठकीपर्यंत थांबावं लागणार नाही. पान दाखवताना शेजारी बसा, अक्षर वाचून दाखवा, आणि मृत्यूचं कारण तिने विचारलं तरच सांगा.

स्कॅन झालेल्या वह्या सुती कापडात बांधून, क्रमांकाची पट्टी बाहेर दिसेल अशा, त्याच रॅकवर, त्याच खणात परत जातात. खण भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर घ्या, म्हणजे उधळीची माती दिसायला लागली की लगेच लक्षात येईल. मृग लागण्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, असा वर्षातून दोनदा प्रत्येक खण टॉर्चने बघायचा आणि तारीख, सही, शेरा वहीत लिहायचा.